जोडून लिहिलेलं अक्षर छापताना: ‘स्नेल राउंडहँड’ आणि त्याच्या जातीचे फॉन्ट, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लग्नपत्रिका, मानपत्रं आणि दारावरच्या पाट्या मांडून देते. प्रूफ बघायला आलेली मंडळी त्या झोकदार, एकमेकांत गुंतलेल्या इंग्रजी अक्षरांबद्दल पुन्हा पुन्हा तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उदाहरणासाठी ‘स्नेल राउंडहँड’ घेतला आहे. हा फॉन्ट नीट कळला की त्याच्या जातीचे बाकीचे कळायला वेळ लागत नाही.

तिरका फॉन्ट आणि हा जोडलेला फॉन्ट, दोन्ही एकच ना?

नाही. पत्रिकेच्या दुकानात ‘कर्सिव्ह द्या’ म्हटलं की बरेचदा ‘मोनोटाइप कोर्सिवा’ लावून देतात. तो सुंदर आहे, तिरका आहे, पण त्यातलं प्रत्येक अक्षर सुटं उभं असतं. स्नेल राउंडहँडमध्ये एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराच्या अंगात शिरते आणि अख्खा शब्द एका दमात लिहिल्यासारखा दिसतो. ओळखायची सोपी खूण सांगते. शब्दावरून डोळ्यांनी पेन फिरवून बघा. पेन न उचलता शब्दाच्या शेवटापर्यंत पोचता आलं, तर फॉन्ट जोडलेला.

स्नेल म्हणजे कोण? हा फॉन्ट किती जुना आहे?

वळण तीनशे वर्षांपूर्वीचं, फॉन्ट साधारण साठ वर्षांचा.

चार्ल्स स्नेल हे लंडनमधले लेखनगुरू. मुलांना आणि कारकुनांना अक्षर शिकवणं हा त्यांचा पेशा. १६९४ साली त्यांनी कित्त्यांचं पुस्तक काढलं. आपल्याकडे गुरुजी पाटीवर कित्ता घालून द्यायचे, तसाच हा प्रकार, फक्त तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. राउंडहँड हे त्या काळच्या इंग्लंडमधलं व्यापाराचं अक्षर होतं. हिशेबाच्या वह्या, हुंड्या, पत्रं यांत ते भरभर लिहिता यायला हवं आणि दुसऱ्याला बिनचूक वाचताही यायला हवं. त्यामुळे स्नेल यांचा भर नियमांवर होता: अक्षराची रुंदी किती, कल किती, जाड रेघ कुठे. त्यांच्याच काळातल्या जॉर्ज शेली यांचा हात लफ्फेदार, वेलबुट्टीकडे झुकणारा. स्नेल यांना तो सोस नव्हता.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी जुळणीची यंत्रं आणि फॉन्ट करणाऱ्या लायनोटाइप कंपनीसाठी या वळणावरून फॉन्ट केला. कार्टर यांचा जन्म १९३७ सालचा, लंडनचा. ऐन तारुण्यात ते नेदरलँड्समधल्या हार्लेम गावी, एन्सखेदे यांच्या छापखान्यात, पोलादावर हाताने अक्षर कोरायला शिकले होते. तुमच्या संगणकावरचे व्हर्डाना आणि जॉर्जिया हे फॉन्टही त्यांचेच. पुढे त्यांनी लायनोटाइपसाठी देवनागरी अक्षरांवरही काम केलं. १९७२ साली त्यांनी शेली यांच्या नावाचाही एक स्क्रिप्ट फॉन्ट केला. त्याचे तीन प्रकार आहेत, आंदांते, अलेग्रो आणि व्होलांते. नावं संगीतातली. साध्या वळणापासून भरपूर लफ्फ्यांपर्यंत ती पायरीपायरीने चढत जातात.

फॉन्टसाठी कार्टर यांनी स्नेल यांनाच का निवडलं असावं, याचं उत्तर मला त्या नियमांत दिसतं. ज्याच्या हातातली प्रत्येक रेघ नियमाने येते, त्याचं अक्षर सुटं करून पुन्हा जुळवता येतं. मनाला येईल तसं वळणाऱ्या हाताचं तसं होत नाही.

तीनशे वर्षांचं वळण होतं, तर फॉन्ट व्हायला इतकी वर्षं का लागली?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्वी छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा शिशाचा सुटा ठसा असे, त्याला खिळा म्हणतात. हा खिळा चौकोनी असतो. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला तो स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, दुसऱ्या खिळ्याला घट्ट लावून बसवायचा असतो, म्हणून त्याच्या बाजू सरळच हव्यात. राउंडहँडचं अक्षर मात्र उजवीकडे चांगलंच झुकलेलं. ते सरळ चौकोनात बसवलं तर वरचं टोक उजवीकडे आणि खालचं टोक डावीकडे चौकोनाबाहेर येतं. बाहेर आलेला तो शिशाचा नाजूक भाग पुढच्या खिळ्यावर तरंगत राहतो आणि छापताना दाबाखाली मोडतो. टोकं चौकोनातच राहावीत म्हणून अक्षर आखडलं, तर दोन अक्षरांमध्ये फट पडते आणि जोड गेलाच.

यावर लोकांनी वाटा काढल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या फर्मिन दिदो यांनी तिरक्या अंगाचे खिळे पाडले. अक्षराचा जेवढा कल तेवढाच खिळ्याचा. ते काम देखणं होतं, पण महाग आणि जुळवायला जिकिरीचं. ओळच्या ओळ शिशात ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रावर तर असा जोड शक्यच नव्हता, कारण तिथे साच्याच्या रुंदीबाहेर अक्षर जाऊच शकत नाही.

मग फोटोटाइपसेटिंग आलं. अक्षर काचेवर किंवा फिल्मवर, आणि त्यातून जाणारा प्रकाश कागदावर. प्रकाशाला चौकोन नसतो. एक अक्षर दुसऱ्यावर चढलं तरी काही मोडत नाही, उलट जोड भरून निघतो. कार्टर यांनी स्नेल राउंडहँड केला तो या नव्या सोयीचा पुरेपूर फायदा घेत. तो कल, त्या केसासारख्या बारीक रेघा आणि ते अखंड जोड मग एका यंत्रावर शक्य झाले.

शिशातही जोड साधणारा एक माणूस होऊन गेला, तो सांगायलाच हवा. रॉजर एक्स्कोफाँ यांनी मार्सेच्या ऑलिव्ह फाउंड्रीसाठी १९५३ साली ‘मिस्ट्रल’ केला, स्वतःच्या हस्ताक्षरावरून. त्याची अक्षरं ओबडधोबड, घाईत लिहिलेली वाटतात. तरीही प्रत्येक शेपटी पुढच्या अक्षराला बरोबर भेटते.

अक्षरं एकमेकांना जुळतात तरी कशी?

इंग्रजी छोट्या लिपीत अक्षरं सव्वीस, म्हणजे जोड्या सहाशे शहात्तर. प्रत्येक जोडीसाठी वेगळी शेपटी काढणं एकेकाळी शक्य नव्हतं. म्हणून एक ठरलेली उंची धरतात. ए, सी, ई, एन, यू अशा बहुतेक अक्षरांची शेपटी पायथ्यापासून निघून वर चढते आणि पुढच्या अक्षराच्या उभ्या जाड दांड्याला ठरलेल्या जागी टेकते. त्या रेघेचं टोक जाड दांड्याच्या पोटात लपतं. दोन रेघा नुसत्या टोकाला टोक लावून ठेवल्या, तर छपाईत सुईएवढी फट दिसल्याशिवाय राहत नाही. थोडं आत शिरायलाच हवं.

बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू यांचं गणित वेगळं. त्यांचा हात वरूनच सुटतो, त्यामुळे त्यांच्या नंतरचा जोडही वर पडतो. नवा फॉन्ट घेताना मी आधी हीच चार अक्षरं तपासते. ‘ओ’ नंतर ‘आर’, ‘डब्ल्यू’ नंतर ‘ए’. ‘वैभव’ किंवा ‘ईश्वरी’ ही नावं इंग्रजीत लिहून बघा. फॉन्ट करणाऱ्याने किती जीव ओतलाय ते तिथे दिसतं.

ओपनटाइप हा फॉन्टचा नवा प्रकार आल्यापासून हे काम सोपं झालं. एकाच अक्षराची अनेक रूपं फॉन्टमध्ये भरून ठेवता येतात आणि शेजारी कोण आहे ते बघून योग्य रूप आपोआप लागतं. आपल्याला यात नवल वाटायला नको. ‘र’ला ‘क’ जोडला की रफार, ‘क’ला ‘र’ जोडला की पाय मोडून तिरपी रेघ, हे आपण पहिलीपासून करत आलोय. रिचर्ड लिप्टन यांचा ‘बिकम स्क्रिप्ट’ या सोयीचा उत्तम नमुना आहे. जॉर्ज बिकम यांनी अठराव्या शतकात तांब्यावर कोरलेल्या कित्त्यांवरून तो केलाय. त्यात एकेका अक्षराची इतकी रूपं आहेत की निवडताना संध्याकाळ होते.

माझ्या पत्रिकेत नाव मधेच तुटलेलं दिसतं. फॉन्ट खराब आहे का?

बहुधा नाही. कुणीतरी अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. नाव लहान पडलं, जागा उरली, की ते ताणून रुंद करायचा मोह होतो. सुट्या फॉन्टमध्ये ते खपतं, इथे एकेक जोड उघडा पडतो. ओळ दोन्ही कडांना जुळवली, म्हणजे जस्टिफाय केली, तरीही काही सॉफ्टवेअर गुपचूप अक्षरांमध्ये जागा घालतात. अंतर शून्य ठेवा. जागा भरायची असेल तर अक्षर मोठं करा. वेबसाइटवर लेटर-स्पेसिंगचं तेच.

दुसरं कारण कोरलड्रॉ, म्हणजे प्रेसमध्ये मांडणीसाठी वापरतात ते सॉफ्टवेअर. आपल्याकडच्या कित्येक प्रेसमध्ये कोरलच्या जुन्या आवृत्त्या अजून चालू आहेत आणि ओपनटाइपच्या सोयी कोरलमध्ये एक्स-६ पासून आल्या. त्याआधीच्या आवृत्तीत शेजार बघून बदलणारी रूपं लागतच नाहीत. फाइल देताना मजकूर कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारांत रूपांतर करून, मग समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

मी एकदा नुसता फॉन्ट आणि मजकूर पाठवून दिला होता. छापून आलेल्या दोनशे पत्रिकांवर नवरीच्या नावातले तीन जोड सुटलेले होते. तिच्या आईने पत्रिका हातात घेतली, बोट फिरवलं आणि काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून कर्व्ह केल्याशिवाय माझ्याकडून फाइल जात नाही.

मोठ्या अक्षरानंतर फट दिसते, तीही चूक का?

प्रत्येक वेळी नाही. राउंडहँडमध्ये पी, टी, व्ही, डब्ल्यू, एफ ही कॅपिटल अक्षरं पुढच्या अक्षराला जुळतच नाहीत, हाताने लिहितानाही तिथे पेन उचलतात. तरी फट फार वाटली तर तेवढं एक अक्षर हाताने जवळ ओढा. आपल्या नावांना हे जास्त लागतं. हे फॉन्ट आखताना डोळ्यांसमोर युरोपातल्या भाषांचे शब्द होते. ‘ज्ञानेश्वर’, ‘लक्ष्मी’, ‘श्रुती’ इंग्रजीत लिहिताना एकापुढे एक व्यंजनांची जी रांग लागते, ती तिथे क्वचितच येते. फॉन्ट ठरवण्याआधी नमुन्याचं वाक्य बघू नका, नवरानवरीची खरी नावं टाकून बघा.

संपूर्ण नाव कॅपिटलमध्ये घेता येईल?

कृपा करून नको. या फॉन्टमधलं कॅपिटल अक्षर म्हणजे शब्दाच्या दारावरची कमान. एकापुढे एक आठ कमानी उभ्या केल्या तर घर कुठलं तेच कळत नाही. आपल्याकडे नावापुढे पदव्या लिहायची रीत आहे, त्यासाठी हे विशेष लक्षात ठेवा. बी.ई., एम.बी.बी.एस., सी.ए. या पदव्या साध्या सुट्या फॉन्टमध्ये, नावापेक्षा बऱ्याच लहान आकारात, खालच्या ओळीवर घ्या. नाव मोकळं होतं आणि पदवीही वाचता येते.

किती लहान आकार चालेल?

स्नेल राउंडहँडची छोटी अक्षरं त्याच पॉइंटच्या इतर फॉन्टपेक्षा बारकी दिसतात, कारण उंची वरखालच्या फाट्यांत जाते. ऑफसेटवर चांगल्या गुळगुळीत कागदाला मी सोळा पॉइंटच्या खाली जात नाही. हातकागद असेल तर वीस. गडद रंगात पांढरं अक्षर सोडायचं असेल तर शाई आत सरकून बारीक रेघ बुजते, तिथे याच फॉन्टचं बोल्ड घ्यावं. रेग्युलर, बोल्ड आणि ब्लॅक अशी तीन वजनं मिळतात. सोनेरी फॉइललाही बोल्डच, कारण बारीक रेघेवर फॉइल नीट धरत नाही आणि तुटक चिकटतं.

पत्ता, वेळ, फोन नंबर यात अजिबात घेऊ नका. घाईत असलेल्या पाहुण्याला हॉलचं नाव एका नजरेत दिसलं पाहिजे.

गाडीवर रेडियममध्ये किंवा दारावर अ‍ॅक्रिलिकमध्ये नाव कापायचंय. चालेल का?

चालेल, आणि उठून दिसेल. पण आधी वेल्ड करा. शेपटी पुढच्या अक्षरात शिरलेली असते, हे वर आलंच आहे. छापताना दोन्हीवर एकच शाई पडते, म्हणून ते दिसत नाही. कटर मात्र रेघेवरून चालतो आणि प्रत्येक अक्षराची पूर्ण कड कापत सुटतो. मग जोडाच्या जागी चिरा पडतात आणि सोलताना अक्षरं सुटी होऊन हातात येतात. कर्व्ह करून सगळी अक्षरं निवडायची आणि कोरलमध्ये वेल्ड (आकार एकमेकांत मिसळायची आज्ञा) द्यायचं, म्हणजे शब्दाची एकच सलग कड तयार होते. अक्षराला नुसती बाह्यरेघ किंवा अर्धपारदर्शक रंग द्यायचा असेल तरी हेच.

अ‍ॅक्रिलिकसाठी बारीक रेघा थोड्या जाड करून घ्या, नाहीतर पाटी पुसताना एखादी शेपटी मोडते.

देवनागरीत असा फॉन्ट का मिळत नाही?

देवनागरी मुळात जोडलेलीच आहे, फक्त तिचा जोड डोक्यावर आहे. शिरोरेघ हा आपला जोड. देवनागरी फॉन्ट करणारेही तीच युक्ती वापरतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ त्याच्या रुंदीबाहेर किंचित काढतात, म्हणजे ती शेजारच्या रेघेवर चढते. अंतर वाढवलं की शिरोरेघ तुकड्यातुकड्यांत दिसते, ती याचमुळे. स्नेलसाठी सांगितलेला अंतराचा नियम देवनागरीलाही तसाच लागू आहे आणि आपल्या शहरांतल्या कितीतरी फलकांवर तो रोज मोडलेला दिसतो. मला ते बघवत नाही.

इंग्रजीचं राउंडहँड आणि देवनागरी यांच्यात आणखी एक मूलभूत फरक आहे. राउंडहँडमधला जाडबारीकपणा दाबातून येतो. खाली येताना टोकावर दाब दिला की रेघ फाकते, वर जाताना हात हलका झाला की केसासारखी होते. देवनागरीचा जाडबारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून येतो, तिथे दाबाचं काम नाही. त्यामुळे देवनागरी फॉन्ट नुसता तिरका करून शेपट्या लावल्या तर तो कोणत्याच हाताचा राहत नाही. हातवळणाची देवनागरी हवी असेल तर ‘कलम’, ‘तिल्लाना’, ‘अमिता’ हे युनिकोड फॉन्ट बघा. तिघांत लॅटिन अक्षरंही आहेत आणि तिन्ही मोफत आहेत.

स्नेलच्या सोबतीला मी उभी, जाडबारीक फरक स्पष्ट असलेली, शांत देवनागरी घेते. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ तिच्यातच शोभतात. एकाच पत्रिकेत दोन नखरेल हात नकोत.

मग मोडीचं काय? ती तर जोडलेली होती ना?

होती, आणि फार सुंदर. बालबोधात, म्हणजे देवनागरीत, आपण आधी शब्द लिहितो आणि मग वर रेघ ओढतो. मोडीत कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आधी ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. काना, वेलांटी, उकार हे सगळं अक्षराच्या ओघातच वळवून घ्यायचं, म्हणजे लेखणी कमीत कमी उचलावी लागते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांत फट सोडतीलच असं नाही. गरज स्नेल यांच्या लंडनसारखीच होती, भरभर लिहायचं आणि कारभार हाकायचा. चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी हातांची नावं पडली. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तंजावरात त्या हातांनी लिहिलेले कागद अजून आहेत. इंग्रजी अमदानीत बोरूच्या जागी टाक आला आणि मोडीचा घाट बदलला.

युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली, सातव्या आवृत्तीत आली. ‘नोटो सान्स मोडी’ हा फॉन्ट मोफत मिळतो. त्यात मोडी बिनचूक टाइप होते. पण रेघेची जाडी सगळीकडे सारखी, त्यामुळे ती दप्तरातल्या मोडीसारखी वाहत नाही. बोरूच्या कापाचा, शेजार बघून रूप बदलणारा, एखाद्या घराण्याचं वळण धरून केलेला मोडी फॉन्ट व्हायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं. कार्टर यांनी एक कित्ता समोर ठेवला होता. आपल्याकडे दप्तरंच्या दप्तरं आहेत. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांचा अभ्यास करून ती गती सुलेखनात आणली, हे आपण पाहिलंय. फॉन्टसाठी तेवढ्याच चिकाटीचा हात लागेल.

स्नेल राउंडहँड विकत घ्यावा लागतो का?

अ‍ॅपलच्या संगणकात आणि फोनमध्ये तो आधीपासून असतो, पत्रिका मांडायला तेवढा पुरतो. वेबसाइटवर चढवायचा किंवा अ‍ॅपमध्ये घालायचा असेल तर वेगळा परवाना लागतो. लायनोटाइप २००६ पासून मोनोटाइप या फॉन्ट कंपनीच्या ताब्यात आहे, परवाना तिथूनच मिळतो. ‘सगळे फॉन्ट असलेली’ पेनड्राइव्ह दुकानादुकानांत फिरते, ती घेऊ नका. तिच्यातल्या प्रती बरेचदा अर्धवट असतात आणि नेमके जोडच बिघडलेले निघतात.

विंडोजवाल्यांकडे ऑफिसबरोबर ‘एडवर्डियन स्क्रिप्ट’ आलेला असतो. एड बेंगियट यांचा, १९९४ चा. त्याची कॅपिटल अक्षरं स्नेलपेक्षा जास्त नखरेल आहेत. पैसे न देता राउंडहँड हवा असेल तर ‘पिनयॉन स्क्रिप्ट’, आणि थोडा मोकळा, सणासुदीचा हात हवा असेल तर ‘ग्रेट व्हाइब्ज’. दोन्हींचा परवाना खुला आहे.

फॉन्ट न वापरता हाताने लिहायला शिकायचं असेल तर?

लवचीक टोकाचा टाक, शाईची दौत, गुळगुळीत कागद आणि खाली ठेवायला तिरक्या रेघा आखलेला एक कागद. चार रेघांच्या वहीत शाळेत जे कर्सिव्ह गिरवलं, ते याच घराण्यातलं आहे, त्यामुळे हात अगदीच नवखा नसतो. सुरुवात अक्षरांनी करू नका. आधी आठवडाभर फक्त वर बारीक, खाली जाड अशा रेघा काढा. मग ‘ओ’. मग ‘एन’. ही दोन एकमेकांना जुळायला लागली की पुढची अक्षरं आपणहून यायला लागतात. आणि टाक दर वेळी धुऊन, कोरडा पुसून ठेवा, वाळलेल्या शाईने त्याची फाक चिकटते.